घाणा, बॅच आणि सात डब्यांचा हिशेब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. आइस्क्रीमचा छोटा कारखाना, आठवड्यातून पाच दिवस उत्पादन, पातळ मिश्रण थंडीत मुरवायच्या दोन एजिंग टाक्या, ते गोठवणारा एक बॅच फ्रीझर, सात-आठ फ्लेवर आणि कामाला तीन माणसं. वही आहे, पण तिच्यात "आज व्हॅनिला ६०, चॉकलेट ४०" यापलीकडे काही नाही. मागच्या महिन्यात एका दुकानातून आइस्क्रीम खडबडीत लागतंय अशी तक्रार आली, तेव्हा तो डबा कुठल्या दिवशीचा आणि कुठल्या दुधाचा हे तुम्हाला सांगता आलं नाही. आता एक्सेलमध्ये नोंदी ठेवाव्यात की तयार सॉफ्टवेअर घ्यावं, असं तुम्ही विचारलंय.

सॉफ्टवेअरचं शेवटी सांगते. आधी तुमच्या कारखान्यात 'बॅच' कशाला म्हणतात ते ठरवा. एका कारखान्यात मी तिघांना हाच प्रश्न विचारला होता. मालकाने एक उत्तर दिलं, फ्रीझरवरच्या माणसाने दुसरं, आणि माल पोचवणाऱ्याच्या मते बॅच म्हणजे गाडीत चढलेला माल.

आइस्क्रीममध्ये दोन वेगवेगळ्या गोष्टींना आपण एकच नाव देतो. पाश्चरायझरमध्ये दूध, क्रीम, पावडर, साखर एकत्र तापवून जे पातळ मिक्स तयार होतं ती एक बॅच. ते मिक्स टाकीत मुरल्यावर फ्रीझरच्या बॅरलमध्ये दहा-बारा किलो घालून गोठवतो, तीही बॅचच. मी दुसरीला सरळ 'घाणा' म्हणते आणि माझ्याकडे शिकलेली माणसंही तसंच म्हणतात. एका बॅचमधून आठ घाणे निघतात. त्यातले चार व्हॅनिलाचे, तीन स्ट्रॉबेरीचे, एक बदामाचा. कधी आदल्या दिवशीच्या बॅचचा शेवटचा घाणा दुसऱ्या दिवशी सकाळी निघतो. हे दोन शब्द वेगळे केले की निम्मा गोंधळ तिथेच मिटतो, कारण दोन्हींतले दोषही वेगळे असतात. मिक्समध्ये दोष असेल तर तो आठही घाण्यांत दिसणार. बॅरलमध्ये, मेव्यात किंवा हार्डनिंगमध्ये (भरलेले डबे फ्रीझरमध्ये घट्ट करताना) असेल तर एखाद्याच घाण्यात. तुमच्याकडे आलेला खडबडीत डबा एकटाच होता की त्याची आणखी भावंडं होती, हे घाण्याचा नंबर नसेल तर कधीच कळत नाही.

नंबर साधा ठेवा. मी वर्षाचा शेवटचा अंक, वर्षातला कितवा दिवस आणि टाकीचं अक्षर घेते. '६२७३ब' म्हणजे ६ हा वर्षाचा अंक, २७३वा दिवस म्हणजे ३० सप्टेंबर, आणि टाकी ब. हा मिक्सचा नंबर. त्या टाकीतून निघणाऱ्या घाण्यांना पुढे १, २, ३ लावायचं. डब्यावर '६२७३ब-४' दिसलं की हा त्या मिक्सचा चौथा घाणा, हे वही न उघडता कळतं. मिक्स दुसऱ्या दिवशी गोठवलं तरी नंबर मिक्सचाच राहतो आणि घाण्यांचा क्रमही मोडत नाही. गोठवल्याची तारीख घाण्याच्या ओळीत वेगळी लिहायची. नंबरात फ्लेवर, दुकान, पाळी असलं काही कोंबू नका. जे वहीत शोधता येतं ते नंबरात लागत नाही, आणि लांबलचक नंबर थंड हातांनी कोणी नीट लिहीत नाही.

टाकीच्या तळाशी चार किलो उरलं म्हणून दुसऱ्या टाकीतलं आठ किलो ओतून घाणा पुरा करायचा मोह रोज होतो. होता होईल तो ते टाळा, चार किलोचा छोटा घाणा काढता येत असेल तर तसाच काढा. नाइलाजच झाला तर त्या घाण्याच्या डब्यांवर दोन्ही मिक्सचे नंबर गेले पाहिजेत. एकच लिहिला तर पुढे कधी माल परत बोलवायची वेळ आली की हे डबे चाळणीतून निसटतात.

आता वजनाबद्दल. माझ्या मते बॅचचा माग ठेवायचा म्हणजे मुळात काट्याशी इमान राखायचं, कारण आइस्क्रीममध्ये डबे मोजून हिशेब लागतच नाही.

एका कारखान्यात मला बोलावलं होतं ते 'चोरी पकडायला'. व्हॅनिलासाठी रोज ४८ किलो मिक्स जायचं, १२ किलोचे चार घाणे. एरवी एक लिटरचे ६५ डबे भरायचे, पण आठवड्यातून एक-दोनदा ५८च निघायचे. सात डबे गायब. मालकाचा संशय संध्याकाळी थांबणाऱ्या मदतनिसावर होता आणि त्या पोराला ते ठाऊक होतं. वहीत डब्यांचे आकडे होते, वजन कुठेच नव्हतं. मी फक्त एक स्टीलचा ५०० मिलीचा पेला आणि काटा फ्रीझरशेजारी ठेवला. पेलाभर मिक्स ५४५ ग्रॅम भरलं. चांगल्या दिवशी पेलाभर आइस्क्रीम ३६३ ग्रॅम, वाईट दिवशी ४०७.

ओव्हररनचं, म्हणजे मिक्समध्ये किती हवा भरली गेली त्याचं, सूत्र तुम्हाला माहीत असेलच: मिक्सच्या वजनातून तेवढ्याच आकारमानाच्या आइस्क्रीमचं वजन वजा करायचं, आइस्क्रीमच्या वजनाने भागायचं आणि १००ने गुणायचं. पहिल्या दिवशी ५० टक्के आलं, दुसऱ्या दिवशी ३४. म्हणजे एक लिटरच्या डब्यात कधी ७२७ ग्रॅम माल जात होता, कधी ८१३. आता गुणाकार करा. ७२७ ग्रॅमचे ६५ डबे झाले ४७.२६ किलो, आणि ८१३ ग्रॅमचे ५८ डबे ४७.१५ किलो. दोन्ही दिवशी माल जवळजवळ तितकाच निघाला होता. हरवलेले सात डबे उरलेल्या ५८ डब्यांच्या पोटातच होते. हवा कमी भरली गेली होती, इतकंच.

हवा कमी का भरली, याचंही उत्तर कागदावरच मिळालं, पण त्यासाठी आणखी तीन आठवडे नोंदी ठेवाव्या लागल्या. कमी उताऱ्याच्या प्रत्येक दिवशी मिक्स टाकीत तीन तासांपेक्षा कमी मुरलेलं होतं. सकाळी पाश्चराइज केलेलं मिक्स घाईने दुपारीच बॅरलमध्ये जात होतं. साधारण ४ अंशाला किमान चार तास, आणि जमलं तर रात्रभर मुरवायचं असतं. तेवढ्या वेळात फॅटचे कण घट्ट होतात, प्रथिनं आणि स्टॅबिलायझर पाणी धरतात, आणि मग मिक्स हवा नीट पकडतं. एजिंगची वेळ आणि पेल्याचं वजन शेजारी-शेजारी लिहिलं नसतं तर त्या पोराची नोकरी गेली असती.

म्हणून माझ्या पत्रकावर किलोचे पाच आकडे असतात. पाश्चरायझरमध्ये काय गेलं, टाकीत काय आलं, बॅरलमध्ये काय घातलं, डब्यांत काय भरलं आणि बाजूला काय पडलं. लिटर फक्त विक्रीच्या कागदावर. मिक्सचं एक लिटर साधारण १.०९ किलो भरतं आणि तेच आइस्क्रीम झाल्यावर ओव्हररनप्रमाणे काहीही होतं. आत जाताना लिटर आणि बाहेर येतानाही लिटर लिहिलेत, तर मधली तूट हवेत विरून जाते, अक्षरशः.

एक बॅच उघडून दाखवते. १०० किलो मिक्स, ११ टक्के फॅट आणि ११ टक्के दुधातले इतर घनपदार्थ धरून: ३५ टक्के फॅटचं क्रीम २६.१ किलो, ३.५ टक्के फॅटचं दूध ५३.२, स्किम्ड दूध पावडर ५.२, साखर १५ आणि स्टॅबिलायझर-इमल्सिफायर अर्धा किलो. या प्रत्येकापुढे दोन रकाने, ठरलेलं वजन आणि प्रत्यक्ष घातलेलं वजन. ठरलेलं छापलेलं असू दे, प्रत्यक्षातलं हातानेच लिहिलं गेलं पाहिजे. त्यापुढे लॉट नंबर, म्हणजे तो माल ज्या खेपेचा आहे तिचा नंबर. दूध-क्रीमच्या बाबतीत त्या दिवशी आलेल्या मालाचं फॅटही लिहा. क्रीम ३५ऐवजी ३२ टक्क्यांचं आलं आणि तुम्ही तेवढंच घातलंत, तर मिक्समध्ये जवळजवळ पाऊण टक्का फॅट कमी पडतं. मग 'यावेळचं पाणचट लागतंय' ही तक्रार आली की तुम्ही फ्रीझरला दोष देत बसता.

१०० किलो घातले आणि टाकीत ९७.४ आले. अडीच-तीन किलोची ही घट वाफेत, भांड्याच्या भिंतींना आणि पाइपात जाते. तुमच्या यंत्रावर ती किती असते हे दहा-पंधरा बॅचमध्ये कळेल आणि मग तो आकडा फारसा हलत नाही. घट वाढली तर गळती शोधायची, हे सगळ्यांना सुचतं. मला जास्त भीती वाटते ती घट अचानक नाहीशी झाली की. टाकीत ९९.५ किलो आले म्हणून खूश होऊ नका. बहुधा धुतल्यानंतर पाइपात राहिलेलं पाणी मिक्समध्ये गेलंय. घनपदार्थांचं प्रमाण उतरतं, गोठायला मोकळं पाणी वाढतं आणि आइस्क्रीममध्ये बर्फाचे कण लागायला लागतात. तुमच्या त्या खडबडीत डब्याचं एक संभाव्य कारण हेही आहे.

पाश्चरायझरच्या नोंदीबद्दल थोडक्यात. भांड्यात तापवत असाल तर ६९ अंशाला ३० मिनिटं हे सर्वसाधारण प्रमाण मानलं जातं. दुधाला ६३ अंश पुरतात, पण मिक्समधली साखर आणि फॅट जंतूंना एक प्रकारे आडोसा देतात, म्हणून तापमान वर. तुमच्याकडच्या नियमात जो आकडा असेल तो पत्रकाच्या डोक्यावर छापा. ६९ला पोचल्याची वेळ, सुटल्याची वेळ, मधलं एक वाचन आणि ४ अंशापर्यंत थंड झाल्याची वेळ, एवढं पुरे. ही नोंद खरी आहे की रात्री बसून भरलेली, ते ओळखायला फार अक्कल लागत नाही. खऱ्या पत्रकावर ६९.४, ७०.१, ६९.८ असे आकडे असतात, एखादा खोडलेला असतो, दुधाचा डाग असतो. खोट्यावर ओळीने ६९, ६९, ६९, एकाच पेनाने, एकाच तिरप्या अक्षरात. डाग पडलेलं पत्रक दिसलं की मला बरं वाटतं.

पाश्चरायझेशननंतर जे मिसळलं जातं त्याची नोंद मात्र सगळ्यात कडक हवी, आणि नेमकी तीच सगळ्यात ढिली असते. साखरेचा लॉट लिहितात, बदामाचा नाही. साखर मिक्सबरोबर तापते, तिच्यातलं बरंचसं मरून जातं. बदाम, फळांचा गर, बिस्किटाचा चुरा, रंग, इसेन्स हे सगळं थंड मिक्समध्ये किंवा थेट आइस्क्रीममध्ये पडतं. त्यातून जे येईल ते डब्यात तसंच राहतं, कारण गोठवल्याने जंतू मरत नाहीत. लिस्टेरिया तर फ्रिजच्या थंडीत वाढतो आणि गोठवणीत टिकून राहतो. म्हणून घाण्याच्या ओळीत मेवा-गराचा लॉट हवाच. पाकीट मध्येच संपून नवीन फोडलं तर कुठल्या घाण्यापासून फोडलं तेही लिहा. 'घाणा ३ पासून नवीन पिशवी' एवढे चार शब्द पुरतात.

याच मुद्द्याचं एक मोठं उदाहरण नोंदलेलं आहे. १९९४ साली अमेरिकेत आइस्क्रीममधून साल्मोनेलाची साथ पसरली. तिथे मिक्स पाश्चराइज केलेलंच होतं. पण ते कारखान्यापर्यंत ज्या टँकरमधून आलं, त्या टँकरने आधी पाश्चराइज न केलेली पातळ अंडी वाहून नेली होती, आणि कारखान्यात मिक्स पुन्हा तापवलं गेलं नाही. सुमारे २ लाख २४ हजार लोक आजारी पडले असावेत, असा अंदाज नंतर मांडला गेला. तुमच्याकडे टँकर नाही, पण टाकी आहे, बादल्या आहेत, पाइप आहे. म्हणून मिक्सच्या पत्रकावर 'या टाकीत आधी काय होतं आणि ती कधी धुतली' असा एक रकाना मी नेहमी ठेवते. नवीन माणसाला तो फालतू वाटतो.

घाण्यांचा क्रमही याच कारणासाठी लिहायचा. फिकटाकडून गडदाकडे, आणि सुका मेवा सगळ्यात शेवटी: व्हॅनिला, स्ट्रॉबेरी, चॉकलेट, मग बदाम. बदामानंतर पुन्हा व्हॅनिला काढावाच लागला तर मध्ये बॅरल उघडून, डॅशर (आतला पात्यांचा फिरता दांडा) काढून धुतल्याची नोंद वेळेसह हवी. ज्याला बदामाची ॲलर्जी आहे त्याच्यासाठी बॅरलच्या कोपऱ्यात राहिलेला तुकडाही जास्त होतो. नुसतं पाणी फिरवलं याला धुणं म्हणू नका.

आता पुनर्वापर, म्हणजे बॅरलच्या भिंतीला राहिलेलं, पहिलं पातळ निघालेलं, वाकड्या भरलेल्या डब्यातलं. ते फेकायला जीव होत नाही, आणि फेकूच नये असं माझंही मत आहे. पण ते पुढच्या मिक्समध्ये जाताना कच्च्या मालासारखं जायला हवं. त्याला नंबर हवा, वजन हवं, त्या मिक्सच्या पत्रकावर त्याची ओळ हवी, आणि ते पाश्चरायझरमधूनच गेलं पाहिजे. व्हॅनिलाचं व्हॅनिलात किंवा चॉकलेटमध्ये चालतं. मेव्याचं फक्त त्याच मेव्यात. मी ते एका बॅचमध्ये पाच टक्क्यांच्या वर जाऊ देत नाही. हा माझा स्वतःचा आकडा आहे, शास्त्राचा नव्हे.

यात एक खाच आहे, जी बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. सोमवारचं उरलेलं मंगळवारच्या मिक्समध्ये गेलं, मंगळवारचं बुधवारच्या, बुधवारचं गुरुवारच्या. आता सोमवारच्या क्रीममध्ये दोष निघाला तर तुम्हाला कुठपर्यंतचा माल थांबवावा लागेल? कागदाच्या हिशेबाने आजपर्यंतचा सगळा, कारण प्रत्येक बॅचमध्ये थोडा थोडा सोमवार आहे. म्हणून ही साखळी आठवड्यातून एकदा तोडायची. आठवड्याच्या शेवटच्या बॅचमधलं उरलेलं पुढे न्यायचं नाही, वजन लिहून टाकून द्यायचं. एक-दोन किलो जातात खरे, पण वेळ आलीच तर परत बोलवायचा माल एका आठवड्यापुरता राहतो.

डब्यावर नंबर कुठे लिहायचा, यावर मी वाद घालायला तयार असते. झाकणावर नाही, अंगावर. दुकानात दोन डबे एकदम उघडले जातात आणि झाकणं बदलतात, हे मी स्वतः उभी राहून पाहिलंय. आणि लेबल भरण्याआधी, डबा कोरडा असतानाच लावा. दव धरलेल्या डब्याला चिकटवलेलं लेबल हार्डनिंगमध्ये सुटतं आणि सकाळी फ्रीझरच्या तळाशी सापडतं. एका घाण्याची लेबलं मोजून काढायची, उरली तर पत्रकाला चिकटवायची. पंधरा काढली, चौदा लागली, एक इथे चिकटलेलं आहे, असा हिशेब डोळ्यांना दिसतो. लिहायला पेन्सिल द्या. थंडीत आणि ओल्या कागदावर बॉलपेन रुसतं, आणि मग माणूस 'नंतर लिहीन' म्हणतो.

प्रत्येक घाण्यातला पहिला, मधला आणि शेवटचा असे तीन डबे काट्यावर ठेवा. बॅरल रिकामं व्हायला वेळ लागतो, तोवर आतला माल बदलत असतो, त्यामुळे पहिल्या-शेवटच्यात थोडा फरक राहणारच. तो फरक वाढत चालला की पात्यांकडे बघायचं किंवा माल काढायला वेळ का लागतोय ते बघायचं. काटा रोज सकाळी ठाऊक असलेल्या वजनाने तपासा आणि थर्मामीटर आठवड्याला बर्फ-पाण्याच्या पेल्यात, तिथे शून्य दिसायला हवं. चुकीच्या काट्याने ठेवलेली नीटनेटकी वही ही वही नसण्यापेक्षा वाईट, कारण तिच्यावर आपण विश्वास ठेवतो.

हार्डनिंगची नोंद छोट्या कारखान्यात कोणीच ठेवत नाही, आणि खडबडीतपणाच्या तक्रारींत सगळ्यात जास्त वेळा दोष तिथेच सापडतो. बॅरलमधून आइस्क्रीम उणे ५-६ अंशाला निघतं, तेव्हा त्यातलं सुमारे निम्मं पाणी गोठलेलं असतं. उरलेलं किती लवकर गोठतं त्यावर कणांचा आकार ठरतो. हळू गोठलं की कण मोठे होतात, आणि साधारण ५० मायक्रॉनच्या वर गेले की जिभेला जाणवतात. आता तुमचं चित्र डोळ्यांसमोर आणा. सकाळच्या पहिल्या घाण्याचे डबे रिकाम्या, कडक थंड फ्रीझरमध्ये जातात. आठव्या घाण्याचे डबे अशा फ्रीझरमध्ये, जिथे सात घाण्यांचे डबे आपली उष्णता सोडत बसलेत आणि झाकण वीस वेळा उघडलं गेलंय. आठवा घाणा रात्री उशिरा घट्ट होतो. म्हणून घाण्याच्या ओळीत आत ठेवल्याची वेळ, कुठला फ्रीझर, कुठला कप्पा आणि त्या क्षणी फ्रीझरचं तापमान, एवढं लिहा. महिन्याभरात तक्रारीचे नंबर काढून बघा, मला आश्चर्य वाटणार नाही जर त्यातले बहुतेक सहाव्या, सातव्या, आठव्या घाण्याचे निघाले. तसं झालं तर रेसिपी बदलू नका, डबे विरळ ठेवा किंवा घाणे दोन दिवसांत विभागा. तक्रारी सगळ्या नंबरांच्या पण एकाच दुकानातल्या असतील, तर त्या दुकानाचा फ्रीझर रात्री बंद होतो का ते विचारा. माल थोडा वितळून पुन्हा गोठला की कण वाढतातच.

त्यासाठी अर्थात कुठल्या दुकानात कुठला नंबर गेला हे माहीत हवं. प्रत्येक डब्याची नोंद करायची गरज नाही. गाडी भरताना 'व्हॅनिला, ६२७३ब-१ ते -३, ४० डबे' एवढी ओळ बिलाच्या प्रतीवर पुरते. आधी मुदत संपणारा माल आधी बाहेर, हा नियम फ्रीझर लावतानाच पाळला तर गाडी भरताना शोधाशोध होत नाही. शिवाय प्रत्येक मिक्सचा एक छोटा सीलबंद कप मुदत संपेपर्यंत जपून ठेवा. तक्रार आली की तो उघडायचा. तो गुळगुळीत निघाला तर दोष मिक्समध्ये असण्याची शक्यता कमी, मग पुढच्या वाटेवर शोधायचं.

आता एक्सेल की सॉफ्टवेअर. पहिले तीन महिने कागद. मिक्ससाठी एक पत्रक पाश्चरायझरजवळ, घाण्यांसाठी दुसरं फ्रीझरजवळ, क्लिपबोर्डला दोरीने पेन्सिल बांधून. या तीन महिन्यांत तुम्हाला कळेल की कुठला रकाना कोणीच भरत नाही आणि कुठल्याची रोज गरज पडते. रकाने ठरण्याआधी सॉफ्टवेअर घेतलं तर ते विकणाऱ्याच्या रकान्यांप्रमाणे तुम्हाला कारखाना चालवावा लागतो.

त्यानंतर एक्सेल, त्यात चारच तक्ते: आवक, मिक्स, घाणे, रवानगी. एका घाण्याला एक ओळ. फ्लेवरप्रमाणे रकाने पाडू नका, नववा फ्लेवर आला की सगळी मांडणी मोडते. शिल्लक माल हाताने टाइप करायचा नाही. घाण्यांतून आलेला वजा रवानगीत गेलेला, असा तो आपोआप निघाला पाहिजे, आणि फ्रीझरमधल्या प्रत्यक्ष मोजणीशी आठवड्याला ताडला पाहिजे. चुकलेली ओळ पुसू नका, खाली दुरुस्तीची नवी ओळ घाला. तुमच्या एवढ्या कामाला हे वर्षानुवर्षं पुरेल. दोन माणसांना एकाच वेळी नोंद करावी लागायला लागली, किंवा खाली सांगते ती चाचणी तासाभरात पुरी होईनाशी झाली, की सॉफ्टवेअरचा विचार करा. घेताना विकणाऱ्याला एकच विचारा: एका मिक्समधून अनेक घाणे, आणि एका घाण्यात दोन मिक्स अधिक पुनर्वापराचा माल, हे दाखवून दे. बऱ्याच जणांची जीभ तिथे अडखळते.

चाचणी अशी. दर तीन महिन्यांनी घड्याळ लावून बसा. एखाद्या दुकानातल्या फ्रीझरमधला कुठलाही डबा उचला आणि मागे जा: घाणा, मिक्स, दूध, क्रीम, मेवा, प्रत्येकाचा लॉट. मग उलट दिशेने. दूध पावडरची २५ किलोची एक गोणी घ्या आणि ती कुठे कुठे गेली ते काढा. १०० किलोच्या बॅचला ५.२ किलो म्हणजे चार बॅचमध्ये २०.८, उरलेली ४.२ पाचव्या बॅचमध्ये दुसऱ्या गोणीबरोबर गेली असणार, किंवा अजून बरणीत असेल. त्या बॅचचे घाणे, घाण्यांचे डबे, डब्यांची दुकानं. किलोंची बेरीज दोन-तीन टक्क्यांच्या आत जुळली तर छान. नाही जुळली तर कुठल्या टप्प्यावर फाटतंय ते लगेच दिसतं. पहिल्या खेपेला माझी स्वतःची बेरीज अकरा किलोंनी चुकली होती. नंतर कळलं की येणाऱ्याजाणाऱ्यांना चवीला दिलेलं कोणी कधी लिहीतच नव्हतं. तेव्हापासून 'बाजूला पडलेलं' या रकान्यात चवीचे कपही येतात.

सुरुवात एखाद्या सोमवारी, दोन्ही टाक्या रिकाम्या आणि धुतलेल्या असताना करा. आज फ्रीझरमध्ये जे बिननंबरचे डबे पडलेत त्यांना मागच्या तारखांचे अंदाजे नंबर देऊ नका. सगळ्यांवर एका रंगाची चिकटपट्टी लावा, वहीत 'जुना माल' म्हणून त्यांची संख्या लिहा, ते आधी विकून संपवा, आणि त्यांतला एकही डबा नव्या मिक्समध्ये पुनर्वापराला घेऊ नका.